खानदेशातील शेती-रसायने आणि पाण्याची राखण

एखाद्या प्रदेशाच्या शेतीचा इतिहास लिहिताना पिके, सारा, बाजारभाव आणि दुष्काळ यांची नोंद आवर्जून घेतली जाते. शेतात घातलेला पदार्थ पिकाला लागून उरला तो पुढे कोठे गेला, याची नोंद मात्र क्वचितच आढळते. जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. कापूस आणि केळी ही येथील दोन प्रमुख नगदी पिके. पहिल्याने कीटकनाशकांचा आणि दुसऱ्याने नत्रखतांचा मोठा वाटा गेल्या साठ-सत्तर वर्षांत आपल्याकडे ओढून घेतला. ज्या विहिरींच्या बळावर ही पिके उभी राहिली, त्याच विहिरींचे आणि त्याच भूगर्भातील पाणी गावे पीत आली. तेव्हा शेतीच्या रसायनांचा इतिहास हा येथे पिण्याच्या पाण्याच्या इतिहासाचाच एक भाग ठरतो.

या विषयाची एक खूण भाषेतच सापडते. खानदेशातील शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो. ‘औषध मारणे’ हा रूढ वाक्प्रचार आहे. पीक आजारी पडले असता त्यावरील उपाय तो औषध, ही कल्पना स्वाभाविकच आहे. परंतु औषध हा शब्द भीती घालवतो. जी वस्तू औषध म्हणून घरात आली, तिचा रिकामा डबा तेलासाठी किंवा पाण्यासाठी वापरण्यास मन सहसा कचरत नाही. विषाची जागा औषधाने घेतली, या घटनेत पुढील बऱ्याच गोष्टींचे मूळ आहे.

१. भूमी आणि पाणी

खानदेश म्हणजे तापीचे खोरे. मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावणारी ही नदी ७२४ किलोमीटरचा प्रवास करून सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिला दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई या नद्या येऊन मिळतात. उत्तरेकडून सातपुड्यातून सुकी, मोर, अनेर, अरुणावती अशा लहान परंतु वेगवान नद्या उतरतात. पाऊस बेताचा, साधारणतः ५०० ते ७५० मिलिमीटर, आणि तोही चार महिन्यांत आटोपणारा. यामुळे वर्षाच्या उरलेल्या काळात शेतीची व माणसांची भिस्त भूगर्भातील पाण्यावरच राहते.

हे भूगर्भजल दोन प्रकारच्या जमिनीत साठते. तापीच्या दक्षिणेस बहुतांशी काळ्या पाषाणाचा थर आहे. त्यात पाणी राहते ते भेगांमध्ये व वरच्या मुरमाड थरात. भेगांतून वाहणारे पाणी मातीत गाळले जात नाही. शेताच्या एका बांधाशी सांडलेले द्रव्य थोड्याच अवधीत दुसऱ्या बांधाच्या विहिरीत उतरू शकते. तापीच्या उत्तरेस रावेर, यावल व चोपडा या तालुक्यांत नदीने व डोंगरओढ्यांनी आणून टाकलेल्या गाळाचे खोल थर आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे, वाळू व रेती यांचा पट्टा आहे. पावसाचे पाणी या पट्ट्यातून झपाट्याने मुरते आणि खालच्या केळीच्या प्रदेशाला पोसते. जेथून पाणी सहज मुरते तेथून पाण्यात विरघळलेले द्रव्यही सहज मुरते, एवढा साधा नियम या भूरचनेवरून ध्यानी येतो.

या पायथ्याच्या पाण्याची थोरवी जुन्या काळातील जाणकारांना ठाऊक होती. खानदेशची जुनी राजधानी बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. तेथे इ. स. १६१५ च्या सुमारास अब्दुल रहीम खानखानान याच्या काळात सातपुड्याकडून मुरत येणारे पाणी जमिनीखालील बोगद्यांनी शहरात आणण्यात आले. ‘कुंडी भंडारा’ या नावाने ही रचना प्रसिद्ध आहे. डोंगराच्या उतारावर जे घडते ते कालांतराने शहराच्या कुंडीत उतरते, हे तत्त्व या बांधकामाच्या मुळाशीच आहे.

२. वाटपाची जुनी व्यवस्था

पाण्याच्या सामूहिक व्यवस्थेची खानदेशची परंपरा मोठी आहे. पांझरेच्या खोऱ्यातील फड पद्धती ही तिची सर्वांत ठळक खूण. नदीवर एकाखाली एक दगडी बंधारे, प्रत्येक बंधाऱ्यातून निघणारा पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन किंवा चार फड, आणि एका फडात एका हंगामी एकच पीक, अशी ही रचना होती. पाणी सोडण्यासाठी पाटकरी, पिकाला पाणी देण्यासाठी बारेकरी, राखणीसाठी जागल्या, देखरेखीसाठी हवालदार असे गावाने नेमलेले लोक असत. त्यांचा मोबदला शेतकरी धान्यरूपाने देत. बंधाऱ्याची दुरुस्ती, पाटातील गाळ काढणे आणि पाळी ठरविणे ही कामे पंचांच्या संमतीने होत.

या व्यवस्थेचा गुणगौरव पुष्कळ झाला आहे आणि तो यथार्थ आहे. परंतु येथे तिचे एक वेगळे अंग लक्षात घेणे अगत्याचे आहे. वरच्या बंधाऱ्याखालील शेतांतून पाझरलेले पाणी पुन्हा नदीत येई व खालच्या बंधाऱ्याला मिळे. वरच्या गावाचे सांडपाणी ते खालच्या गावाचे मूळ पाणी, हे नाते फडाच्या रचनेत गृहीतच होते. तथापि गावाने नेमलेल्या या लोकांपैकी कोणाचेही काम पाण्याचा गुण राखणे हे नव्हते. शेणखत, राख आणि लेंडीखत यांपलीकडे शेतात काही पडत नव्हते. त्यामुळे असे काम निर्माण होण्याचे कारणच नव्हते. पाण्याचे भांडण झाले ते नेहमी मापाचे झाले.

ब्रिटिश अमदानीत हीच दृष्टी कायद्यात उतरली. इ. स. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढे गिरणेवरील जामद्याच्या बंधाऱ्यासारखी कामे सरकारी पाटबंधारे खात्याकडे आली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी इ. स. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या नोकरीस प्रारंभ केला, तेव्हा त्यांचे पहिले महत्त्वाचे काम पांझरेच्या खोऱ्यात पाटाचे पाणी नळाने ओढ्यापार नेण्याचेच होते. इ. स. १८७९ च्या मुंबई पाटबंधारे अधिनियमात कालव्याचे पाणी दूषित करणे हा गुन्हा मानला गेला. त्यापूर्वीच इ. स. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम २७७ अन्वये सार्वजनिक झऱ्याचे वा जलाशयाचे पाणी जाणूनबुजून घाण करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. ही तरतूद दीड शतकाहून अधिक काळ टिकली आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तिचा आशय आला. परंतु या कलमाचे दोन शब्द निर्णायक होते: ‘सार्वजनिक’ आणि ‘जाणूनबुजून’. खाजगी मळ्यातील विहीर पहिल्या शब्दाबाहेर राहिली. निष्काळजीपणाने सांडलेले द्रव्य दुसऱ्या शब्दाबाहेर राहिले. आणि खानदेशातील पाण्याला पुढे जो धोका निर्माण झाला, तो मुख्यतः खाजगी विहिरीच्या काठी व निष्काळजीपणातूनच झाला.

३. रसायनांचे आगमन

कृत्रिम द्रव्यांचा भारतातील प्रवेश शेतीच्या दाराने झाला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस डी. डी. टी. हे द्रव्य हिवतापाच्या डासांविरुद्ध वापरात आले. मुंबई इलाख्यात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी इ. स. १९४५-४६ मध्ये कारवार व धारवाड भागांत त्याचे प्रयोग केले. इ. स. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि खेड्यापाड्यांतील घरांच्या भिंतींवर सरकारी फवारणी होऊ लागली. टोळधाडीविरुद्ध बी. एच. सी. ची भुकटी याच सुमारास आली. इ. स. १९५२ मध्ये कलकत्त्याजवळ रिश्रा येथे बी. एच. सी. चा आणि इ. स. १९५४ मध्ये दिल्लीस डी. डी. टी. चा कारखाना निघाला. फवाऱ्याचा पंप हा अशा रीतीने प्रथम आरोग्यरक्षक म्हणून लोकांच्या परिचयाचा झाला. ‘औषध’ या शब्दाला त्यामुळे आणखी बळकटी आली असल्यास नवल नाही.

खतांचा इतिहास समांतर आहे. सिंद्री येथील कारखान्यातून इ. स. १९५१ मध्ये अमोनियम सल्फेटचे उत्पादन सुरू झाले. तुर्भे येथील कारखाना इ. स. १९६५ मध्ये आला. इ. स. १९६४ मध्ये संकरित ज्वारीचा पहिला वाण प्रसृत झाला. इ. स. १९६६ पासून अधिक उत्पन्न देणाऱ्या वाणांचा कार्यक्रम आखला गेला. इ. स. १९७० मध्ये तापीच्याच मुखाशी असलेल्या सुरतेच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘संकर-४’ हा कापसाचा वाण सिद्ध केला. जगात व्यापारी प्रमाणावर लावला गेलेला तो पहिला संकरित कापूस होय. या वाणांना खत मानवे, आणि खताने वाढलेल्या हिरव्या कापसावर मावा, तुडतुडे व बोंडअळी यांचा उपद्रवही अधिक होई. एका रसायनाने दुसऱ्याची गरज उत्पन्न केली.

याच काळात मोट मागे पडून विहिरीवर इंजिन व विजेचा पंप आला. इ. स. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधनविहिरींचे युग सुरू झाले. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची स्थापना त्याच सुमाराची आहे. रसायन व यंत्र हे दोन्ही एकाच विहिरीच्या काठी एकत्र आले, हा या इतिहासातील खरा संधिकाल मानावा लागेल.

४. एक दुर्घटना आणि एक कायदा

इ. स. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन या जहाल कीटकनाशकाची पेटी व खाद्यपदार्थ एकत्र वाहून नेल्यामुळे अन्न विषारी झाले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. केंद्र सरकारने न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्याकडे चौकशी सोपविली. त्या चौकशीतून निघालेल्या विचाराचे फलित म्हणजे इ. स. १९६८ चा कीटकनाशके अधिनियम व इ. स. १९७१ ची नियमावली. डब्यावर विषारीपणानुसार लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग दाखविण्याची पद्धत या नियमांनी आणली.

कायद्याचे मूळ ज्या दुर्घटनेत असते, तिची छाप त्यावर दीर्घकाळ राहते. केरळातील विष वाहतुकीतून व साठवणीतून अन्नात गेले होते. म्हणून कायद्याची दृष्टी नोंदणी, परवाना, वेष्टन आणि गोदाम यांवर खिळली. पाण्याचा उल्लेख त्यात नाही असे नव्हे. नियम ४४ प्रमाणे रिकामी वेष्टने, उरलेले द्रव्य आणि धुण्याचे पाणी यांची विल्हेवाट पर्यावरण व पाणी दूषित होणार नाही अशा रीतीने लावणे हे उत्पादकांचे व वापर करणाऱ्यांचे कर्तव्य आहे. वेष्टने पुन्हा वापरली जाऊ नयेत म्हणून उघड्यावर टाकू नयेत. ती फोडून वस्तीपासून दूर पुरावीत, असेही हा नियम सांगतो. नियम उत्तम आहे. परंतु ‘वस्तीपासून दूर’ म्हणजे खानदेशात बहुधा शिवारात, नाल्याच्या काठी किंवा पडक्या विहिरीजवळ. वस्तीपासूनचे अंतर सांगितले, पाण्यापासूनचे अंतर सांगितले नाही. एका शब्दाच्या अभावी नियमाचा उद्देश व त्याचे पालन परस्परविरुद्ध दिशांना जाऊ शकतात, याचे हे उदाहरण होय.

महाराष्ट्राने इ. स. १९६९ चा जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियम करून इ. स. १९७० मध्ये मंडळ स्थापन केले. इ. स. १९७४ चा केंद्रीय अधिनियम ‘प्रवाह किंवा विहीर’ यांत विषारी द्रव्य जाणूनबुजून सोडण्यास मनाई करतो. विहीर हा शब्द येथे आला खरा. परंतु या यंत्रणेची शक्ती कारखान्याच्या नळावर व शहराच्या गटारावर खर्च झाली. हजारो शेतांतून थेंबाथेंबाने येणाऱ्या दूषिताला एकच एक तोंड नसते. ज्याला तोंड नाही त्यास पाहणीदार कोठे गाठणार, ही अडचण केवळ खानदेशची नाही.

५. पाणी बिघडते कसे

या अडचणीचे स्वरूप समजण्यासाठी थोडे गणित उपयोगी पडेल. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात मोनोक्रोटोफॉस हे कापसावर दीर्घकाळ वापरले गेलेले कीटकनाशक लिटरमागे १ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. त्याच्या शेकडा ३६ अंश द्रावणाच्या बाटलीत तळाशी ५ मिलिलिटर द्रव राहिला, तर त्यात सुमारे १.८ ग्रॅम विष असते. एवढे विष १८ लाख लिटर पाण्याला मर्यादेपर्यंत नेण्यास पुरते. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल, तर ते सुमारे १ लाख ४१ हजार लिटर भरते. म्हणजे एका बाटलीचा तळ बारा विहिरींना पुरेल. सूर्यप्रकाश, माती व सूक्ष्मजंतू यांनी विषाचे विघटन होते हे खरे. परंतु विहिरीच्या थंड, अंधाऱ्या पाण्यात ते जमिनीवरच्यापेक्षा मंद होते.

आता त्याच बाटलीत २५० मिलिलिटर पाणी घालून ती खळखळून पंपात ओतली व असे तीनदा केले, तर आत राहणारे विष मूळच्या लाखाव्या अंशाहून कमी होते. शिवाय धुण्याचे पाणी पिकावरच जाते, पैशाचाही अपव्यय टळतो. तीन वेळा खळखळणे ही क्रिया दोन-तीन मिनिटांची आहे. त्यानंतर बाटलीस भोक पाडले की ती पुन्हा तेलासाठी वापरली जाण्याचा धोकाही संपतो.

दुसरी गोष्ट फेऱ्यांची. कापसावर हेक्टरी ५०० लिटर पाणी फवारावयाचे असेल आणि पाठीवरील पंप १५ लिटरचा असेल, तर एका हेक्टरला तेहेतीस-चौतीस वेळा पंप भरावा लागतो. शेतकरी तो जेथे पाणी आहे तेथे भरतो, म्हणजेच विहिरीच्या थाळण्यापाशी किंवा नाल्याच्या काठी. द्रव्य मोजणे, ओतणे, ढवळणे आणि शेवटी पंप धुणे ही सर्वांत धोक्याची कामे अशा रीतीने सर्वांत नाजूक जागी होतात. पाणी पिंपातून शेतात नेऊन तेथे मिश्रण केले, तर हा धोका बहुतांशी टळतो.

तिसरी गोष्ट नव्या यंत्राची. जळगाव हे ठिबक सिंचनाचे केंद्र म्हणून देशभर नावाजले. भवरलाल जैन यांच्या उद्योगाने इ. स. १९८० नंतरच्या दशकात हे तंत्र रुजविले व पुढे ऊतिसंवर्धित केळीच्या रोपांचा प्रसार केला. ठिबकामधून विरघळलेले खत थोडेथोडे मुळाशी देता येते. त्यामुळे पाटपाण्याबरोबर खत खोल वाहून जाण्याचे प्रमाण घटते. पाण्याच्या रक्षणाच्या दृष्टीने हा मोठाच लाभ होय. परंतु खत सोडत असता वीज गेली आणि नळीवर उलट प्रवाह रोखणारी झडप नसली, तर खताचे पाणी उताराने परत विहिरीत उतरते. वीज वारंवार जाणाऱ्या प्रदेशात एवढ्याशा झडपेचे मोल किती आहे, हे वेगळे सांगणे नको.

चौथी गोष्ट नत्राची. केळीला झाडामागे सुमारे २०० ग्रॅम नत्राची शिफारस राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने केलेली आहे. दीड मीटर अंतराने लागवड केल्यास हेक्टरी ४,४४४ झाडे बसतात. म्हणजे हेक्टरी सुमारे ८९० किलो नत्र, किंवा १९ क्विंटलांहून अधिक युरिया. यातील केवळ दशांश जरी पाण्याबरोबर खाली गेला, तरी त्यापासून जे नायट्रेट बनते ते सुमारे ८७ लाख लिटर निर्मळ पाण्याला लिटरमागे ४५ मिलिग्रॅम या भारतीय मर्यादेपर्यंत नेण्यास पुरेसे आहे. त्यात इ. स. १९९२ मध्ये स्फुरद व पालाश खतांवरील नियंत्रण उठले आणि युरिया तेवढा स्वस्त राहिला. परिणामी नत्राकडे झुकता कल वाढला. इ. स. २०१५ मध्ये निंबोळीचे आवरण असलेला युरिया सक्तीचा झाला. केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत जळगाव व धुळे या दोन्ही जिल्ह्यांच्या काही भागांत मर्यादेहून अधिक नायट्रेट नोंदले गेले आहे. त्यात गोठ्यांचा व शौचखड्ड्यांचाही वाटा असतो. सर्व दोष खताच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही.

६. ज्ञान उशिरा आले

जमीन ही गाळणी आहे, तिच्यातून विष खाली जात नाही, असा समज जगभर दीर्घकाळ होता. त्याला पहिला धक्का इ. स. १९४५ मध्ये बसला. अमेरिकेतील आयोवा संस्थानात हंटर कॉम्ली या डॉक्टराने विहिरीच्या पाण्यातील नायट्रेटमुळे तान्ही मुले निळी पडतात, असे दाखविले; त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्तीच घटते. इ. स. १९६२ मध्ये रेचेल कार्सन यांच्या ग्रंथाने कीटकनाशकांच्या अतिरेकाकडे लक्ष वेधले. तरीही न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड येथील विहिरींत बटाट्याच्या शेतातील आल्डिकार्ब सापडले ते इ. स. १९७९ मध्ये. तेथील जमीन रेताड होती. सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टाही झिरपण्याच्या बाबतीत याच जातीचा आहे.

भारतात बंदीचा क्रम पुढे सावकाश चालला. शेतीसाठी डी. डी. टी. इ. स. १९८९ मध्ये, बी. एच. सी. इ. स. १९९७ मध्ये आणि एंडोसल्फान सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने इ. स. २०११ मध्ये बंद झाले. इ. स. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेतील वायू कीटकनाशकाच्याच निर्मितीसाठी साठविलेला होता. इ. स. २००२ मध्ये बी. टी. कापसास परवानगी मिळाली व बोंडअळीवरील फवारण्या प्रथम घटल्या. परंतु रसशोषक किडी व पुढे शेंदरी बोंडअळी यांनी पंप पुन्हा पाठीवर आणला. इ. स. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर मरण पावले. त्या घटनेने फवारणाऱ्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न ऐरणीवर आला, तो यावयासच हवा होता. फवारून उरलेल्या द्रव्याचे काय होते हा प्रश्न मात्र तेव्हाही मागेच राहिला.

भूजलविषयक कायद्यांतही हाच क्रम दिसतो. महाराष्ट्राच्या इ. स. १९९३ च्या अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदण्यास बंदी केली. उद्भवाभोवती संरक्षक वर्तुळ आखण्याची ही कल्पना फार मोलाची आहे. परंतु ते वर्तुळ पाणी कमी होऊ नये म्हणून आखले गेले. त्याच वर्तुळात विषाची बाटली धुण्यास त्या कायद्याने अडथळा केला नाही. पुढे इ. स. २००९ चा भूजल अधिनियम इ. स. २०१४ मध्ये अमलात आला, आणि त्यात भूजलाच्या गुणवत्तेच्या रक्षणाचा विचार समाविष्ट झाला.

७. पुनर्भरणाचे युग आणि नवी जबाबदारी

भूजल खालावल्यामुळे रावेर-यावलच्या केळीच्या प्रदेशात विंधनविहिरी खोल खोल गेल्या. त्यावर उपाय म्हणून पाणी जमिनीत परत मुरविण्याचे प्रयत्न या शतकात जोमाने झाले. धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात भूशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद व खोल करून, त्यांवर सिमेंटचे बंधारे बांधून आणि साठलेले पाणी विहिरींत सोडून जे काम उभे केले, ते ‘शिरपूर पॅटर्न’ या नावाने ओळखले जाते. सातपुड्याच्या पायथ्याशी तापीचे पाणी मुरविण्याच्या महाप्रकल्पाविषयी मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांच्यात इ. स. २०२५ मध्ये करार झाला.

या प्रयत्नांची उपयुक्तता निर्विवाद आहे. परंतु त्यांनी एक नवी जबाबदारीही उत्पन्न केली आहे. पूर्वी शेतावरून वाहिलेले पाणी नदीला जाई व मातीतून हळूहळू मुरे. नाला खोल करून वरचा मातीचा थर काढला किंवा पाणी थेट विहिरीत सोडले, म्हणजे मातीची नैसर्गिक गाळणी वगळली जाते. पेरणीनंतरच्या पहिल्या जोरदार पावसाचे पाणी शेतातील खत व द्रव्य सर्वाधिक घेऊन येते. ते पाणी वाहू देऊन नंतरचे मुरविणे, नाल्याकाठी गवताचा पट्टा राखणे आणि गाळण्याची खडी-वाळू वरचेवर बदलणे, ही पथ्ये अशा कामांत पाळावी लागतात. शिवाय तापीच्या पाण्याचा प्रवास खानदेशात संपत नाही. इ. स. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणात ते साठते व पुढे सुरत शहर ते पिते. वरच्या व खालच्या बंधाऱ्याचे पांझरेवरील जुने नाते आज दोन राज्यांच्या मापाने पुन्हा अवतरले आहे.

८. उपसंहार

या सर्व इतिवृत्तातून एक गोष्ट स्पष्ट होते. खानदेशाने पाण्याचे वाटप उत्तम रीतीने केले. पाण्याच्या गुणाची राखण करणारे पद मात्र त्याने निर्माण केले नाही, कारण पूर्वी त्याची गरज नव्हती. रसायने आली तेव्हा कायद्याने जबाबदारी उत्पादक, विक्रेता व वापर करणारा यांच्यावर वाटून दिली. पाण्याच्या बाजूने उभा राहणारा मनुष्य गावात कोणी नव्हता. इ. स. २०१५ च्या दुरुस्तीने विक्रेत्याजवळ विषयाचे शिक्षण असावे अशी अट आली. इ. स. २०१९ च्या जलजीवन अभियानात गावोगावच्या स्त्रियांना पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची योजना झाली. त्यांच्याजवळच्या पेटीने नायट्रेट तपासता येते. कीटकनाशकांचा अंश तपासण्यास मात्र प्रयोगशाळाच लागते. म्हणून नायट्रेटचे वाढते मान हे पहिल्या इशाऱ्यासारखे मानणे शहाणपणाचे ठरेल: जेथे खत झिरपले तेथे इतर द्रव्यांनाही वाट मिळालेली असण्याचा संभव आहे, आणि तेथील नमुना प्रयोगशाळेकडे आधी जावयास हवा.

पांझरेकाठच्या गावांनी पाटकरी नेमला तेव्हा त्यांच्यापुढे कोणताही अधिनियम नव्हता. पाणी एकाच्या शेतातून दुसऱ्याच्या शेतात जाते, एवढे प्रत्यक्ष ज्ञान त्यांना पुरले. आजच्या पाण्यातून काय जाते ते डोळ्यांना दिसत नाही. ते मापनानेच कळते. पाणी शेतात नेऊन मिश्रण करणे, बाटली तीनदा खळखळणे, नळीवर झडप बसविणे, रिकामे डबे विहिरीपासून व नाल्यापासून दूर गोळा करणे आणि वर्षातून निदान दोनदा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, गावविहिरीच्या पाण्याची नोंद ठेवणे, एवढी कामे ज्याच्याकडे सोपवावीत असा नवा पाटकरी गावोगाव नेमता येण्याजोगा आहे. त्याचा मोबदला धान्याने द्यावा की ग्रामनिधीतून, हा तपशिलाचा प्रश्न होय. जुन्या व्यवस्थेने पाण्याचा हिशेब ठेवण्याची सवय या भूमीला लावलेली आहे. त्या हिशेबात मापाबरोबर गुणाचा रकाना वाढविणे एवढेच शिल्लक आहे.